बंदरं निम्मी करा

जहाजावर एक सत्र शिकून परतलेल्या मुलामुलींना भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो: किती देश झाले? उत्तर तयारच असतं. दहा, अकरा. कुणी बोटं मोजत नावं सांगतं, कुणी पासपोर्ट उघडून शिक्केच दाखवतं. नुसतं पाणी किती दिवस पाहिलंस, असं कुणी विचारत नाही. वास्तविक शंभरेक दिवसांच्या त्या सफरीतले निम्म्याच्या आसपास दिवस पाण्यावरच गेलेले असतात, आणि तास, हजेरी, परीक्षा हे सगळं त्याच दिवसांत उरकलेलं असतं. पण मोजायचे ते देश. माझं भांडण या मोजणीशी आहे.

प्रकार काय आहे ते आधी सांगतो. एक प्रवासी जहाज घ्यायचं, त्यावर काही शे विद्यार्थी, प्राध्यापक आणि त्यांची बायकापोरं चढवायची, आणि साडेतीन-चार महिन्यांत अर्धी-पाऊण पृथ्वी फिरवून आणायची. अमेरिकेतला ‘सेमिस्टर ॲट सी’ हा यातला सगळ्यात नावाजलेला कार्यक्रम. 2016 पासून त्याची शैक्षणिक बाजू कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटी सांभाळते. जहाजाचं नाव ‘वर्ल्ड ओडिसी’. 1998 मध्ये ‘डॉइचलांड’ या नावानं ते हौशी प्रवाशांसाठी बांधलं गेलं, त्यामुळे नाचगाण्यासाठी सजवलेल्या दालनात आता जागतिक राजकारणाचा तास होतो. जहाज समुद्रात असेल तेव्हा वर्ग, एक दिवस ‘अ’ वेळापत्रक, दुसऱ्या दिवशी ‘ब’. रविवार आहे म्हणून कुणी सुट्टी देत नाही. बंदराला लागलं की वर्ग बंद. फक्त प्रत्येक विषयाचा एक दिवस कुठल्यातरी बंदरात प्राध्यापकांबरोबर बाहेर काढायचा, बाकी मुलं मोकळी.

हे शिक्षण की सहल, हा वाद जुना आहे. टीका करणारे किनाऱ्यावर बिअर घेऊन बसलेल्या पोरांचे फोटो पुढे करतात. बाजू घेणारे ‘माझं आयुष्यच बदललं’ म्हणणारी पोरं उभी करतात. गंमत अशी की दोघंही बोलतात ते बंदरांबद्दलच. आणि बंदर हीच तर या शिक्षणाची सगळ्यात लंगडी बाजू आहे.

बंदरातल्या पाच दिवसांचा हिशेब मांडून पाहा. पहिल्या दिवसाची सकाळ पासपोर्ट-व्हिसाच्या सोपस्कारात जाते. मोठी जहाजं लागतात त्या गोद्या बहुधा शहराच्या कडेला, त्यामुळे कंटेनरच्या थप्प्यांमधून वाट काढत फाटकापर्यंत पोहोचायलाच वेळ मोडतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ठरल्या वेळेआधी परत जहाजावर. उशीर झाला तर पुढच्या बंदरात काही तास उतरूच देत नाहीत. फारच उशीर झाला तर जहाज थांबत नाही, पुढचं बंदर आपापल्या खर्चानं गाठायचं. म्हणून शेवटच्या तासाला धक्क्यावर एकच पळापळ असते. पाठीवर फुगलेली बॅग, कानाला फोन, खिशातली परक्या देशातली उरलेली चिल्लर कुठेतरी खपवायची घाई. शिडीच्या तोंडाशी रांग. ओळखपत्र यंत्रापुढे धरलं की टिंग वाजतं, पडद्यावर आपलाच चेहरा उमटतो, नाव ‘आत’च्या यादीत जातं. झाला देश.

भारताचंच घ्या. जहाज लागतं दक्षिणेत, चेन्नईला किंवा कोचीला. पण भारतात येऊन ताजमहाल पाहिला नाही तर घरी काय सांगणार? मग विमानानं दिल्ली, तिथून आग्रा, परत विमान, परत जहाज. पाचातले तीन दिवस त्या दगदगीत. ज्या शहरात जहाज उभं त्याच्याशी नातं रिक्षाच्या भाड्यावरून घातलेल्या हुज्जतीपुरतं. 1996 च्या मार्चमध्ये दिल्लीहून आग्ऱ्याकडे निघालेल्या बसला अपघात होऊन या कार्यक्रमातले चार विद्यार्थी गेले. अपघात कुठेही होतो, त्याचं खापर वेळापत्रकावर फोडणं योग्य नाही. पण समुद्रापासून इतकं लांब, इतक्या थोड्या दिवसांत मुलांना धावडवायचं कशासाठी, हे विचारायला तरी हरकत नसावी.

ही खोड अगदी जन्मापासूनची आहे. 1926 च्या सप्टेंबरात न्यू यॉर्कपलीकडच्या होबोकनहून ‘रिंडम’ नावाचं जहाज सुमारे पाचशे विद्यार्थी घेऊन निघालं. कल्पना न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीतल्या मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकाची. पुस्तकापेक्षा प्रत्यक्ष अनुभवातून माणूस पक्कं शिकतो, असं त्याचं म्हणणं. जहाज सुटण्याआधीच विद्यापीठानं अंग काढून घेतलं, तरी जहाज गेलं आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून पुढच्या वर्षी परतही आलं. दरम्यान घरच्या वर्तमानपत्रांत गाजली ती मुलांची दारू आणि प्रेमप्रकरणं. या फेरीत रोमला ही मंडळी मुसोलिनीला भेटली. मला त्या भेटीचं फार कुतूहल आहे. मुसोलिनी सत्तेवर येऊन तेव्हा चार-साडेचार वर्षं झाली होती. इटलीत काय चाललंय हे त्याच्या दालनात उभं राहून कसं कळणार? त्यासाठी एखाद्या गल्लीत सहा महिने खोली घेऊन राहावं लागलं असतं. शेजारीपाजारी कुणाचं नाव मोठ्यानं घेतात आणि कुणाचं नाव निघालं की खिडकी लावून घेतात, ते ऐकावं लागलं असतं.

एकाच परदेशी शहरात सत्र काढणाऱ्या मुलाला नेमकं हे मिळतं. त्याला भाषा येत नाही, घरमालकिणीचा पारा का चढला ते कळत नाही, तिसऱ्या आठवड्यात तो भयंकर कंटाळतो, आणि त्या कंटाळ्यातच कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी त्याची पहिली खरी बातचीत होते. जहाजवाल्याला कंटाळायला सवड नाही. दिवसभर परक्या गावात भटकून तो हवं तर रात्री आपल्याच गादीवर, आपल्याच भाषेत, आपल्याच पाचशे जणांत येऊन झोपू शकतो. परकेपणा टोचायला लागण्याआधी नांगर उचलला जातो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे.

मग कार्यक्रमच बंद करा, असं मी म्हणेन अशी अपेक्षा असेल. नाही. मी म्हणतो, बंदरं निम्मी करा आणि समुद्र शिकवा.

समुद्रावरच्या दिवसांना या कार्यक्रमात ‘मधले दिवस’ समजतात. दोन बंदरांमधली पोकळी, ती अभ्यासानं भरायची. पण विद्यार्थ्याला घरी बसून, ग्रंथालयात किंवा विमानानं कधीच मिळणार नाही अशी गोष्ट फक्त तिथेच मिळते: पृथ्वी केवढी आहे याचा अंदाज, तोही अंगाला. साधं गणित आहे. जहाज ताशी 18 सागरी मैलांनी चाललं तर दिवसाला 432 मैल. विषुववृत्तावर एका रेखांशाचे 60 मैल, म्हणजे दिवसाला सात अंश आणि थोडं वर. पंधरा अंशांना एक तास. तेव्हा सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला जाणाऱ्या जहाजावर साधारण दोन दिवसांनी घड्याळ तासाभरानं सरकवावं लागतं. पश्चिमेला जाताना पंचवीस तासांचा दिवस आणि भरपूर झोप, पूर्वेला जाताना तेवीस तासांचा दिवस आणि सकाळच्या तासाला निम्मा वर्ग पेंगुळलेला. हेच अंतर विमान एका रात्रीत कापतं आणि आपल्याला फक्त डोकेदुखी देतं. जहाजावर रेखांश नकाशातून उतरून उशीपर्यंत येतात. भूगोलाच्या कुठल्याही प्राध्यापकानं यासाठी जीव टाकावा, आणि बहुतेक ठिकाणी त्याची सोय काय, तर ‘आज रात्री घड्याळ एक तास पुढे करा’ एवढी घोषणा.

वाटेत काय लागतं तेही पाहा. मलाक्काची सामुद्रधुनी सिंगापूरजवळ इतकी आवळते की सगळ्यात अरुंद जागी तिची रुंदी तीन किलोमीटरही भरत नाही, आणि तिथून दिवसाला दोनशेच्या वर जहाजं जातात. डेकवर उभं राहून दोन तास नुसती ती मोजली, कुठलं तेल वाहतंय आणि कुठलं मोटारी, कोण पाण्यात खोल बुडालंय आणि कोण रिकामं उंच तरंगतंय हे ओळखायला शिकलं, तर जागतिक व्यापाराच्या प्रकरणाला वेगळ्या चित्राची गरज नाही. किंवा पनामा कालवा. तिथे जहाज पायऱ्यापायऱ्यांनी 26 मीटर वर चढतं, आणि चढवायला वापरलेलं गातून तलावातलं गोडं पाणी शेवटी समुद्रात जातं. 2023 मध्ये पाऊस कमी पडला, तलाव खाली गेला, तर रोज सोडायच्या जहाजांची संख्याच घटवावी लागली. एका पावसाळ्यानं जगाचा माल अडवला! हे शिकायला कालव्याच्या कठड्याशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याइतकी चांगली जागा कुणाला मिळणार? पण त्या दिवशी तो असतो पुढच्या बंदरातली स्वस्त राहण्याची ठिकाणं शोधत.

आणि समुद्र तरी नुसता चित्रासारखा कुठे असतो. 2005 च्या जानेवारीत याच कार्यक्रमाच्या तेव्हाच्या ‘एक्सप्लोरर’ या जहाजावर उत्तर पॅसिफिकमध्ये एक प्रचंड लाट आदळली, जहाज चालवायच्या कक्षाची काच फुटली, इंजिनं बंद पडली, आणि ठरलेली वाट सोडून होनोलुलू गाठावं लागलं. एवढं टोकाचं क्वचित घडतं. पण साधा खवळलेला दिवसही वर्गाची तऱ्हा बदलतो. प्राध्यापक एक पाय पुढे एक मागे टाकून बोलत असतो, फळ्यावरची ओळ तिरकी उतरते, जिन्याच्या कठड्याला उलटीसाठी कागदी पिशव्या अडकवलेल्या, आणि मागच्या रांगेतली एखादी मुलगी वाक्य अर्धवट सोडून दाराकडे धावते. तिच्या मागे कुणी हसत नाही, कारण पाळी सगळ्यांची येते. ज्या प्राध्यापकाच्या हाताखाली सकाळी पेपर दिला तोच रात्री जेवणाच्या रांगेत पुढे उभा असतो, त्याची सहा वर्षांची पोरगी तुमच्या ताटातला बटाटा उचलते. पळून जायला जागा नाही. विद्यापीठाच्या आवारात वर्ग सुटला की वाद सुटतो, इथे तो डेकवर, जिममध्ये, कपडे धुवायला टाकताना चालूच राहतो. आंतरजाल बेताचं असल्यानं कोण बरोबर हे फोन सांगत नाही. भांडून ठरवावं लागतं.

(विषुववृत्त ओलांडताना वरुणदेवाच्या ग्रीक-रोमन भावंडाच्या नावानं जो धिंगाणा घालतात, डोकी भादरतात, मासा चाटायला लावतात, त्यालाही माझी हरकत नाही. खलाशांची ती फार जुनी चाल आहे. त्या दिवशी निदान आपण रेघ ओलांडली हे लक्षात तरी येतं.)

आता त्या परदेशाबद्दल, जो सगळ्यात जवळ असतो आणि मोजणीत कधीच येत नाही. जहाजावरचे नोकर-खलाशी. खोली झाडणारा, ताटं उचलणारा, इंजिनाच्या तळघरात काम करणारा. प्रवासी जहाजांवर अशी माणसं बहुधा अनेक देशांतली असतात, फिलिपीन्समधली विशेष. अकरा देशांच्या माणसांना भेटायला निघालेला विद्यार्थी या माणसाला दिवसातून तीनदा भेटतो आणि ‘गुड मॉर्निंग’पलीकडे जात नाही. अंतर राखायचे नियमही असतात, आणि त्यांत अर्थ आहे. विशीतल्या ग्राहकाशी मैत्री केल्याबद्दल नोकरी घालवायची पाळी त्या माणसावर येते, ग्राहकावर नाही. म्हणून मी गळ्यात गळे घालायला सांगत नाही. अभ्यास करायला सांगतोय.

जहाजावरच्या श्रमाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, 2006 चा, 2013 पासून लागू. त्यातली एक मर्यादा अशी: चोवीस तासांत जास्तीत जास्त चौदा तास काम, आठवड्यात जास्तीत जास्त 72. ही कमाल मर्यादा आहे, आणि ती माणुसकीची म्हणून घातलेली आहे! आता जहाजाच्या मागच्या बाजूला फडकणारा झेंडा. जगातली कितीतरी जहाजं पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं अशा देशांत नोंदवलेली असतात. मालक एका देशातला, खलाशी दुसऱ्या, प्रवासी तिसऱ्या, आणि कायदा चौथ्याचा, ज्या देशाच्या किनाऱ्याला कदाचित ते जहाज कधी लागलंही नसेल. पगार, सुट्टी, अपघाताची भरपाई कुठल्या देशात मागायची, हे त्या कापडावर ठरतं. जागतिकीकरणाचा पाठ शिकवायला व्हिएतनाममधल्या कारखान्याच्या फाटकाबाहेर बसमधून डोकवायची काय गरज? तो पाठ तीन मजले खाली चादरी इस्त्री करतोय.

2020 ची गोष्ट यासाठी आठवते. साथ पसरली, एकेका देशानं बंदराचं दार लावलं, आणि त्या वसंतातली ‘सेमिस्टर ॲट सी’ची सफर केप टाउनला आटोपती घ्यावी लागली. मुलं विमानानं घरी गेली. त्याच वर्षी जगभरच्या जहाजांवर करार संपूनही उतरता न आलेल्या खलाशांचा आकडा चार लाखांच्या घरात पोहोचला होता. हा आकडा त्या एका जहाजाचा नाही, सगळ्या समुद्राचा आहे. पण समुद्रावर सत्र काढलेल्या विद्यार्थ्याला तो माहीत नसावा, याला काय म्हणायचं?

याउलट काही लहान कार्यक्रम आहेत, तिथे विद्यार्थी हाच खलाशी. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या एका संस्थेच्या, शिडाच्या जहाजांवर चालणाऱ्या सत्रात मुलं पहारे देतात, शिडं ओढतात, पाण्याचे नमुने काढून तपासतात, पाळीनं स्वयंपाकघरात हात लावतात. कॅनडाच्या अशाच एका शाळेचं ‘कॉन्कॉर्डिया’ हे जहाज 2010 च्या फेब्रुवारीत ब्राझीलजवळ उलटून बुडालं. त्यावरचे चौसष्टच्या चौसष्ट लोक तराफ्यांवर दीडेक दिवस काढून वाचले. धोका काय असतो हे मी झाकून ठेवत नाही. पण रात्री दोन ते सहा सुकाणूवर उभं राहिलेल्या पोराला ‘किती देश झाले’ हा प्रश्न विचारून बघा. तो गोंधळेल.

पाचशे जणांच्या जहाजावर प्रत्येकाला सुकाणू देता येणार नाही, हे उघड आहे. पण इंजिनाची खोली, स्वयंपाकघराचा साठा, सांडपाण्याची टाकी, इंधनाची नोंदवही हे सगळं वर्गात आणता येतं. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर 0.5 टक्क्यांची मर्यादा आली. आपलं जहाज आज काय जाळतंय, किती जाळतंय, माणशी किती पडतं? हॉटेलसारखं झोपायला, धुवायला, गार करायला लागणारं सगळं बरोबर वाहून नेणारं प्रवासी जहाज माणशी किलोमीटरमागे बहुतेक वेळा विमानापेक्षा जास्त कार्बन सोडतं. पर्यावरणाचा तास त्याच जहाजावर भरतो, तर हा हिशेब परीक्षेत पाहिजे.

पैशाचं थोडक्यात. एका सत्राला 30,000 डॉलरच्या आसपास लागतात. शिष्यवृत्त्या असतात, तरी जहाजावर कोण चढतं ते चढणाऱ्यांकडे पाहूनच कळतं. बंदरं कमी केली तर फाटक्या खिशाच्या मुलाची अडचणही थोडी कमी होईल. जहाजाचं शुल्क कसंबसं भरलेल्याला प्रत्येक बंदरात श्रीमंत मित्रांच्या विमानामागे धावताना दुसऱ्यांदा गरीब व्हावं लागतं.

चालवणारे म्हणतील, सहा बंदरांची सफर खपणार नाही. पत्रकावर अकरा झेंडे लागतात. असेलही. हा धंदा स्वप्नावर चालत आला आहे. हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी 1970 मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ’ हे त्र्याऐंशी हजार टनांचं अवाढव्य जहाज विद्यापीठ करायला घेतलं, नाव ठेवलं ‘सीवाइज युनिव्हर्सिटी’, त्यात समुद्रही आला आणि स्वतःची आद्याक्षरंही. डागडुजी संपत आली आणि 9 जानेवारी 1972 ला ते हाँगकाँगच्या बंदरातच जळालं. तरी तुंग थांबले नाहीत, दुसऱ्या जहाजावर पोरं पाठवलीच. ‘सेमिस्टर ॲट सी’ची शैक्षणिक बाजू सांभाळायला आधी चॅपमन कॉलेज, मग कोलोराडो, पिट्सबर्ग, व्हर्जिनिया ही विद्यापीठं, आता पुन्हा कोलोराडोतलं दुसरं विद्यापीठ, इतके हात बदलूनही ही कल्पना मेली नाही. जी कल्पना एवढं सोसते ती पाच झेंडे कमी झाल्यानं बुडेल असं मला वाटत नाही. उरलेल्या सहा बंदरांत पाचाऐवजी नऊ-दहा दिवस राहा, आणि विमानानं पळायला बंदी घाला. जिथे धक्का तेच शहर. चेन्नईला उतरलेल्यानं चेन्नईच पाहावी. ताजमहाल कुठे पळून जात नाही.

आणखी एक मागणी, छोटीशी. जपानहून हवाईकडे येताना दिनांकरेषा ओलांडली की एक तारीख दोनदा येते. काल मंगळवार होता, आजही मंगळवारच. असा फुकटचा दिवस दिसला की तो भरायला कुणाचे तरी हात शिवशिवणार: स्पर्धा, खेळ, बैठका, राहिलेले तास. तो दुसरा मंगळवार वेळापत्रकात कोरा सोडा. वर्ग नाही, कार्यक्रम नाही, घोषणा नाही. आजूबाजूला हजार-हजार मैल जमीन नाही, आणि ज्याला जे करायचं ते त्यानं डेकवर जाऊन करावं, किंवा करू नये.